सहीआधीचे पंधरा दिवस

खालापूर तालुक्यातल्या एका पोलादी पाइपांच्या कारखान्यात मी तपासणी विभागात नोकरीला होते. भट्टीतून एका वेळी जे पोलाद निघतं त्याला तिथं हीट म्हणत आणि प्रत्येक हीटला नंबर असे. तिचा तुकडा आमच्याकडं येई. मी त्यातला कार्बन, गंधक तपासायची, मग त्याची एक सळी यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढायची. सळी तुटताना बंदुकीसारखा आवाज होई. नवी माणसं दचकत. सहा महिन्यांत माझं दचकणं थांबलं. किती ताणाला तुटली तो आकडा हीटच्या नंबरापुढं नोंदवहीत लिहायचा आणि खाली सही करायची. आमचे बरेचसे पाइप बॉयलरला जात. आकडा चुकला तर कुठंतरी पाइप फाटणार, आणि पाइप फाटतो तेव्हा जवळ कोणीतरी उभं असतंच.

संशय घ्यायची सवय मला या कामानं लागली असं लोक म्हणत, पण ती घरातून आलेली होती. आमचे बाबा रेल्वेत चावीवाले होते. कर्जतच्या वर घाटात ठरलेला टापू ते रोज हातोडी घेऊन चालत आणि रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकत जात. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, सैल झालेली चावी नुसती बघून कळत नाही का. ते म्हणाले होते, "दिसायला समद्या सारख्याच दिसतात गं. आवाज येगळा येतो."

दुसरी बाजूही होती. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. मी कारखान्यात लागले तेव्हा त्या विभागात मी एकटीच बाई, आणि कुठल्या वस्तीतली हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलेलं. एकदा एका हीटचे आकडे ग्राहकाच्या आकड्यांशी जुळले नाहीत. तेव्हा कोणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. पुढं चूक ग्राहकाच्या तराजूची निघाली. मला कोणी काही बोललंच नव्हतं, त्यामुळं नंतर कोणाला माफी मागायचीही गरज पडली नाही. ती नजर कशी असते हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढं काय केलं, ते सांगायचं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या साहेबांनी एका सकाळी मला बोलावलं आणि सांगितलं की आपल्याकडं कॉम्प्युटर येतोय. कार्यालयात पत्रं टाइप करायला एक छोटा आधीच होता, हा तसा नव्हता. हे एक मोठं यंत्र स्टोअरच्या कोपऱ्यात काचेची खोली करून त्यात बसायचं होतं, आणि त्याच्यापासून तारा ओढून चार ठिकाणी पडदे लागायचे होते: तपासणीत, स्टोअरमध्ये, उत्पादनात आणि माल पाठवतात तिथं. चौघांनी कुठूनही आकडे भरले तरी ते त्या एकाच यंत्रात जाऊन बसणार आणि ज्याला हवे त्याला तिथूनच मिळणार. त्या यंत्रानं दुसरं कोणतंही काम करायचं नाही, फक्त हीटच्या नोंदी सांभाळायच्या. पुरवठादार कंपनीचा इंजिनियर त्याला सर्व्हर म्हणे. आम्ही सगळे कपाट म्हणायचो, कारण ते दिसायला तसंच होतं.

करारात पंधरा दिवस चाचणीला दिलेले होते. त्यानंतर यंत्र पास झाल्याच्या कागदावर आमच्या विभागाची सही, मग मुंबईहून संचालक येऊन नारळ फोडणार, आणि त्या दिवसापासून नोंदवह्या बंद. साहेब म्हणाले, "बाई, पंधरा दिवस तुमच्याकडं. सही तुमची आधी, माझी नंतर." मला वाटलं, माझी आधी कशाला? काही बिघडलं तर बोट दाखवायला सोपं पडावं म्हणून? साहेब तसे सरळ मनाचे होते. पण विचार आला तो आला.

इंजिनियर मुंबईहून आला. तिशीचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलायला नम्र. त्यानं दोन दिवस, सकाळी नऊ ते अकरा, स्वतःची चाचणी चालवली. एक तबकडी यंत्रात सरकवली, पडद्यावर आकड्यांच्या रांगा धावल्या, आणि शेवटी एक इंग्रजी ओळ आली की चुका शून्य. तो कागद छापून त्यानं फायलीला लावला आणि माझ्यापुढं सहीचा कागद ठेवला.

मी विचारलं, ही चाचणी कोणी लिहिली? तो म्हणाला, आमच्याच कंपनीनं. म्हणजे प्रश्नपत्रिकाही तुमची, उत्तरपत्रिकाही तुमची आणि तपासणारेही तुम्हीच, असं मी म्हटल्यावर तो हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, आमच्याकडची तीन वर्षांची नोंदवही आहे, ती चारही पडद्यांवरून भरून बघू. रोज संध्याकाळी भरलेलं छापून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीशी ताडून बघायचं. त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई म्हणतायत तसं करा." ते त्याला आवडलं नाही. पुढचे सगळे दिवस तो खोपोलीच्या लॉजवरून वेळेवर यायचा, काचेच्या खोलीत बसून मासिकं वाचायचा, आणि कपाटाच्या झाकणावर कोणी हात ठेवला तरी उठून उभा राहायचा. हे मी लक्षात ठेवलं.

चार पडद्यांवर चार माणसं बसवली. त्यातले स्टोअरचे मामा. नावाचे मामा नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. पन्नाशी ओलांडलेले, जवळच्याच गावचे. त्यांच्या घरचं भाताचं शेत कारखान्यासाठी गेलं होतं. तिथं आता रोलिंग मिल उभी होती आणि जमिनीच्या बदल्यात त्यांना स्टोअरमध्ये नोकरी मिळाली होती. कुठला नट कुठल्या फळीवर आहे ते त्यांना वही न बघता सांगता यायचं. कपाट आल्यापासून मात्र ते उघड बोलायला लागले होते, की हे आल्यावर स्टोअरला माणूस कशाला ठेवतील? आमी शेत दिलं ते काय कपाटाला बसाय दिलं? टाइप ते एका बोटानं करायचे, पण आकडे तेवढे नीट.

पहिल्या दिवसाचं छापील सकाळी आलं. मी वही वाचली, उत्पादनाचा कारकून छापील कागदावर खुणा करत गेला. तीन चुका निघाल्या. तिन्ही मामांच्या पानांवर. दुसऱ्या दिवशी पाच, त्याही मामांच्याच. बाकी तिघांची पानं स्वच्छ.

इंजिनियरला मी कागद दाखवला. तो नम्रपणेच म्हणाला, "मॅडम, मशीन आकडा बदलत नाही. माणूस बदलतो."

हे मला पटलं. आज सांगताना अवघड वाटतं, पण पटलं. झाकणाला इतकं जपतो म्हणून ज्या माणसाचा मला संशय, त्याचं हे वाक्य मी लगेच उचललं, कारण ते माझ्या मनात आधीच तयार होतं. मामांना कपाट नको आहे. चाचणी नापास झाली तर कपाट परत जाईल. मग आकडे चुकणार नाहीत तर काय होईल?

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते सावध झाले असते, असं मी स्वतःला सांगितलं. मी सापळा लावला. मामा सकाळभर लोकांना सामान देण्यात असत आणि जेवण झाल्यावर दोन वाजता टाइप करायला बसत; बाकी आम्ही तिघं आपली पानं सकाळीच उरकत असू. त्यांना दुपारी जी पानं भरायची होती तीच मी त्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावरून वेगळ्या खुणेनं भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही छापील कागद शेजारी शेजारी ठेवले. माझा स्वच्छ. त्यांच्यात चार चुका. लाल पेन्सिलीनं मी त्या चारांना गोल केलं आणि साहेबांना दाखवायला जाण्याआधी कागद टेबलावर ठेवून सळीच्या यंत्राकडं गेले.

परत आले तेव्हा मामा टेबलाशी उभे होते. नमुन्यांच्या चिठ्ठ्या द्यायला आले होते. दोन्ही कागद त्यांच्या हातात होते. ते बराच वेळ बघत होते, आणि मला बघूनही त्यांनी कागद खाली ठेवले नाहीत.

"ही माझीच पानं हायत ना?"

मी हो म्हटलं.

"तू माझ्यामागं भरलीस?"

मी म्हटलं, तपासणीसाठी. ते म्हणाले, "मला चोर ठरवाय भरलीस." आवाज चढला नव्हता. चिठ्ठ्या टेबलावर ठेवून, वर वजन म्हणून माझीच लाल पेन्सिल ठेवून ते गेले.

साहेबांनी कागद बघितले आणि मामांना पडद्यावरून काढलं. एवढंच नाही, त्यांना स्टोअरमधूनच हलवून बाहेर यार्डात पाठवलं, आलेला माल उतरवून घ्यायच्या कामावर. वैशाखातलं ऊन. साहेब मला म्हणाले, "आता तुमची चाचणी नीट होईल." मी तिथं उभी होते. मला म्हणता आलं असतं, की अजून खात्री नाही, थांबा. मी म्हटलं नाही.

मामांची उरलेली पानं भरायची कोणी, तर मी. सकाळी माझी स्वतःची पानं आणि सळी-तपासणी असे, म्हणून त्यांच्यासारखीच जेवणानंतर दोनला काचेच्या खोलीशेजारी त्यांच्या पडद्याशी बसले. माझी एक पद्धत होती: आकडा भरला की पडद्यावर तो वाचायचा, वहीत वाचायचा, आणि मग वहीत बारीक टिंब द्यायचं. सहा वाजेपर्यंत सगळ्या आकड्यांना टिंबं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पानांवर सहा चुका निघाल्या.

माझा पहिला विचार काय होता, तोही सांगते. मला वाटलं, मी गेल्यावर मामांनी येऊन आकडे बदलले. खोलीची किल्ली स्टोअरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तो खिळा त्यांना माहीत होता. मी पहारेकऱ्याकडं जाऊन चौकशी केली. मामा यार्डातून पाचलाच गेले होते, फाटकाच्या वहीत त्यांची सही होती. मी ती सहीसुद्धा वाकून नीट बघितली, खरी आहे का म्हणून. मग पहारेकरी माझ्याकडं बघायला लागला आणि मला माझीच लाज वाटली.

परत येऊन मी एका कोऱ्या कागदावर आतापर्यंतच्या सगळ्या चुका एकाखाली एक लिहिल्या. डावीकडं वहीतला आकडा, उजवीकडं छापून आलेला. दोनचे सहा. एकचे पाच. शून्याचे चार. पुन्हा दोनचे सहा. तीनचे सात. दोन ठिकाणी आठाच्या जागी कोनासारखी एक खूण आली होती आणि एका ठिकाणी नवाच्या जागी दोन आडव्या रेघा. या खुणा मी आधी भलतंच बटण दाबलं गेलं म्हणून सोडून दिल्या होत्या. आता त्या बाजूला ठेवून मी आकडेच बघत राहिले. प्रत्येक चूक चारची होती. मामांची चूक चारची आणि माझीही चारचीच. चार, पाच, सहा, सात यांतला एकही आकडा कुठं चुकलेला नव्हता.

माणूस चुकतो तेव्हा असा चुकत नाही. शेजारचं बटण दाबतो, ओळ गाळतो, सहाचा नऊ वाचतो. मुद्दाम चुकणारासुद्धा दर वेळी मोजून चार वाढवत बसणार नाही. आणि वाढवत बसला तरी मी भरलेल्या पानात कसा वाढवेल?

मी तो कागद घेऊन साहेबांकडं गेले नाही. आधी यार्डात गेले.

मामा ट्रकच्या सावलीत उकिडवे बसून पाणी पीत होते. डोक्याला पंचा बांधलेला. मी उभ्यानंच सांगितलं, की मामा, चूक तुमची नव्हती. माझ्या पानांवरही तशाच चुका आल्यात. मी तुमच्यावर संशय घेतला, ते चुकलं माझं. त्यांनी कागद मागितला. पंच्यानं हात पुसून मग हातात घेतला. एकेक ओळीवर बोट फिरवत खालपर्यंत आले.

मग म्हणाले, "तू तपासलंस त्याचं काय नाय गं बाय. तपासणं तुझं कामच हाय. पन सांगून तपासायचं व्हतंस. मी काय पळून जानार व्हतो?"

मला त्या जुन्या हीटच्या वेळची ती सगळी तोंडं आठवली, आणि त्यात आता माझंही एक दिसलं.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, की सकाळची पानं कधी चुकली का? मी म्हटलं, नाही, एकही नाही. ते म्हणाले, मग दुपारचं बघ. दोनचा भोंगा झाला की रोलिंग मिल सुरू होते, विजेचा दाब पडतो, आणि काचेच्या खोलीतलं थंड करायचं यंत्र नुसता वारा फेकतं. हवा गरमच. कपाटाच्या डाव्या अंगाला हात लावला तर चटका बसतो. हे त्यांनी पहिल्याच दिवशी इंजिनियरला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मामा, तुम्ही तुमचे नट सांभाळा.

हे ऐकल्यावर पुढं काय करायचं ते माझ्यापुढं स्पष्ट झालं. आम्ही सळी जशी हळूहळू ताण वाढवत ओढतो तसंच करायचं. फक्त इथं ताण म्हणजे उष्णता. आणि इंजिनियरनं त्याची चाचणी नेमकी सकाळी नऊ ते अकराच का घेतली होती, हाही प्रश्न होताच.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा कागद बघितला आणि मामांना यार्डातून परत बोलावलं. बोलावलं म्हणजे निरोप पाठवला. समोर काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, मिल बंद, दाब पूर्ण, अशा वेळी मी काचेच्या खोलीतलं थंड करायचं यंत्र हातानं बंद केलं आणि दार लावून घेतलं. इंजिनियर म्हणाला, हे नियमात नाही, असं केल्यास आमची हमी राहणार नाही. साहेबांनी त्याला विचारलं, की तुमचं यंत्र खालापुरात बसणार आहे की माथेरानला?

चारही पडद्यांवर आम्ही एकच काम दिलं होतं: पानभर फक्त दोनचा आकडा भरायचा. पान झालं की काचेच्या खोलीबाहेर छापून घ्यायचं, मग पुन्हा दुसरं पान. साधी युक्ती होती. दोनांच्या पानावर सहा लपू शकत नाही. मामा एका बोटानं दोन, दोन, दोन मारत होते. पहिलं पान स्वच्छ आलं, दुसरं आलं, पाचवं आलं. दहा वाजले. खोलीच्या काचेतून आत उभा इंजिनियर दिसत होता, त्याच्या शर्टाला पाठीवर ओल आली होती. मला क्षणभर वाटलं, चुकलं आपलं. आता हा बाहेर येऊन काय म्हणेल, साहेब काय म्हणतील, आणि मामांना मी काल काय सांगून आले!

साडेदहानंतर मामांच्या पानावर एक सहा आला. पानाच्या मधोमध, दोनांच्या रांगेत एकटाच. मग माझ्या पानावर दोन. मग चारही पानांवर यायला लागले. उन्हाळ्यात अंगावर घामोळं उठावं तसे. साहेबांनी एक पान हातात धरलं आणि त्यावरचे सहा मोजायला लागले. अकरा वाजता मी दार उघडलं, थंडी सुरू केली. तासाभरानं पुन्हा स्वच्छ पानं यायला लागली.

साहेब इंजिनियरला म्हणाले, झाकण उघडा. तो म्हणाला, त्यासाठी ऑफिसची परवानगी लागेल. साहेब म्हणाले, उघडा. त्यानं स्क्रू काढले, पण फार हळू काढले.

आत मला काही कळण्यासारखं नव्हतं. हिरव्या पाट्या, तारा, मागं एक पंखा. मामांनी बॅटरीचा उजेड पाडला. पंख्याच्या पात्यांना आणि मागच्या जाळीला करडा थर बसला होता. जाळी अर्धीअधिक बुजलेली. मामांनी चिमटीनं थोडा काढला, बोटांत चोळला, उजेडात धरला.

"ह्यो कापूस हाय," ते म्हणाले.

आमच्या कारखान्यात कापूस नव्हता. तिथं लोखंडाची धूळ होती, तेल होतं, भट्टीची काजळी होती. आणि यंत्र येऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. कुठल्या तरी कापडाच्या गिरणीत ते कपाट वर्षभर तरी चाललं असणार, तिथंही असंच दुपारचं चुकलं असणार, आणि तिथून परत आल्यावर बाहेरून पुसून, नवा रंग देऊन आमच्याकडं पाठवलेलं. इंजिनियर बॅटरीच्या उजेडाकडं बघत होता. मग तो साहेबांना नाही, मला म्हणाला, "मॅडम, मला एवढंच सांगितलं होतं, झाकण उघडायची वेळ येऊ देऊ नका. का, ते नाही सांगितलं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्याला चाचणी सकाळची घ्या असंही सांगितलेलं होतं का, हे मी विचारलं. तो खाली बघत स्क्रू गोळा करायला लागला. संध्याकाळच्या एस.टी.नं तो गेला आणि परत आमच्याकडं आला नाही.

दोन दिवसांनी पुरवठादाराकडून मोठे इंजिनियर आले. त्यांनी चारच्या चुकीचं कोडं मला सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. यंत्राच्या आत प्रत्येक आकडा आठ बारीक दिव्यांच्या उघडझापीनं धरून ठेवलेला असतो आणि प्रत्येक दिव्याला किंमत असते. आठवणीच्या पाटीवर एका जागी चारचा दिवा तापला की विझतच नव्हता. ज्या आकड्यात तो आधीच पेटलेला, ते आकडे बरोबर राहत. बाकीचे चारानं वाढत, आणि आठ-नवाचं काहीतरी तिसरंच होई. ते म्हणाले, पाटी बदलून देतो, पंखा साफ करून देतो, तुम्ही ठरल्या दिवशी पूजा करा. मुंबईहूनही तसाच फोन आला, कारण संचालकांची तारीख ठरली होती. साहेबांनी मला विचारलं, किरकोळ दोष दूर केला असं लिहून सही कराल का?

मी म्हटलं, साहेब, तडा गेलेली सळी आपण वितळवतो. घासून पास करत नाही.

मग त्यांनी पत्र लिहायला घेतलं, आणि त्यात कापसाचंही लिहिलं. थोडा कापूस पाकिटात घालून सोबत जोडला. पूजेची तारीख गेली. मुंबईहून त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या वर्षी वरच्या जागेसाठी त्यांच्याऐवजी दुसऱ्याचं नाव लागलं. त्याचा आणि याचा संबंध होता की नाही, हे मी शोधायला गेले नाही.

नवं यंत्र पावसाळ्यात आलं. या वेळी पेटीचं सील आमच्यासमोर फुटलं आणि झाकण पहिल्याच दिवशी उघडलं. मामा आत डोकं घालून पंख्याचा वास घेऊन आले. आम्ही पुन्हा पंधरा दिवस लावले. थंडी बंद करून, दार लावून, शेजारी एक मोठा हीटर ठेवून, चारही पडदे चालू ठेवून, मध्येच वीज तोडून. दोनांची पानं, मग आठांची, मग नवांची. मग तीन वर्षांची वही पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कोण कोणाचं पान तपासणार ते रोज सकाळी फळ्यावर लिहून ठेवलं. मामांचं पान मी तपासायची, माझं मामा. ते चष्मा कपाळावर सरकवून, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचायचे, आणि माझी एक ओळ गाळलेली त्यांनी पकडली तेव्हा दिवसभर खूश होते.

पंधराव्या दिवसापर्यंत यंत्राची एकही चूक निघाली नाही. सहीचा कागद टेबलावर होता. मी एक दुपार आणखी घेतली. साहेबांनी कारण विचारलं नाही. त्या दुपारीही काही निघालं नाही, तेव्हा मी सही केली.

दुसऱ्या दिवशी खऱ्या हीटची पहिली नोंद करायची होती. साहेबांनी मामांना बसायला सांगितलं. मामांनी शर्टाला हात पुसले आणि एका बोटानं नंबर भरला, मग कार्बन, मग गंधक. पडद्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं, थांबले. गंधकाच्या आकड्यात तीनाऐवजी दोन पडला होता. आम्ही चारपाच जण मागं उभे होतो. कोणीतरी हळूच म्हणालं, झालं सुरू.

मामा मागं वळले. "ही माझी चूक हाय," ते म्हणाले. "कपाटाची नाय." मग पुन्हा पडद्याकडं तोंड करून त्यांनी तीन मारला आणि मला म्हणाले, "बघ गं, आता बरोबर हाय का?"

मी वही जवळ घेतली आणि पहिल्यापासून वाचायला लागले.